मेहकर ते नेकर

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. २०१८ च्या हिवाळी सत्रासाठी मी जर्मनीतल्या ट्युबिंगनला गेले होते, पुण्यातल्या एमएस्सी भूशास्त्राच्या मधोमध, एका सत्रापुरती. त्या खटाटोपाचे सगळे कागद त्या फाइलीत आहेत. ट्युबिंगन नेकर नदीवर आहे. नेकर म्हटलं की आमच्याकडे अर्धी चड्डी आठवते, त्यामुळे घरी ही नदी फार लवकर लोकप्रिय झाली. परत आल्यापासून वर्षातून दोन-तीनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. चिखलीहून, देऊळगावराजाहून, एकदा थेट संग्रामपूरहून. “ताई, आमच्या पोरीलाही जायचंय, काय काय लागतं?” मी कागदांची यादी सांगते. यादीत न बसणारं बरंच उरतं, ते इथे लिहिते आहे.

१. नोटीस तीन आठवडे माझ्या नाकासमोर होती. विभागाच्या फळ्यावर, वसतिगृहाच्या मेस-थकबाकीच्या यादीला लागून. थकबाकीत माझं नाव असल्यामुळे ती यादी मी रोज चोरून बघायचे, शेजारचा कागद मात्र कधी वाचला नाही. असले कागद ‘त्यांच्या’साठी असतात असं मनात पक्कं होतं. ‘ते’ म्हणजे कोण, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बहुधा कोथरूडमध्ये राहणारे. शेवटी वाचला तोसुद्धा वेळ जात नव्हता म्हणून, झेरॉक्सवाल्याचा टोनर संपला होता. तोवर परदेशी शिक्षण म्हणजे जमीन विकून नाहीतर मोठी शिष्यवृत्ती मिळवून घेतलेली अख्खी पदवी, एवढंच मला ठाऊक. हा कागद एक्स्चेंजचा होता. त्यात नाव आपल्याच हजेरीपटावर राहतं, फी आपल्याच विद्यापीठात भरायची, एक सत्र तिकडे शिकायचं आणि मिळवलेले क्रेडिट इकडे आणून जमा करायचे. ट्युबिंगन ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे तिथं २०१७ च्या हिवाळ्यापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी लागते. एक्स्चेंजवाल्यांना ती माफ. हे सगळं त्या एका पानावर होतं. अर्जाची मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

२. आपलं नाव काय, हे मला बाविसाव्या वर्षी ठरवावं लागलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं, आणि खालच्या ओळीत आईचं. आधारवर माझं नाव पहिलं, आडनाव शेवटी. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ टाकलेल्या, बोर्डानं एका ‘आय’वर भागवलेलं. त्यात आमचा जिल्हाही कमी नाही. बुलढाणा इंग्रजीत ‘एच’सह आणि ‘एच’शिवाय असा दोन्ही प्रकारे नांदतो. माझ्या जन्मदाखल्यावर ‘एच’ नव्हता, रहिवासी दाखल्यावर होता. म्हणजे कागदोपत्री मी जन्मले एका जिल्ह्यात आणि राहते दुसऱ्यात.

तहसीलच्या आवारात स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलाशी एक सकाळ गेली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं की या तिन्ही नावांची बाई एकच आणि ती मी. टायपिंग करणाऱ्या काकांनी न विचारताच सांगितलं, “म्याडम, तुमचं काईच नाई, एका पोराच्या बापाचे दोन नावं होते, त्याले सहा महिने लागले.” पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव जोडून आलं. याचा पुढे एक परिणाम झाला. ट्युबिंगनच्या वसतिगृहात खोलीच्या दारावर छापील पट्टी होती. जागा अपुरी पडली म्हणून आडनाव गळालं आणि माझ्या नावाशेजारी बाबांचं नाव राहिलं. मी फोटो पाठवला. बाबा आमच्या मेहकरच्या आगारात एसटी कंडक्टर होते. तो फोटो त्यांनी आगारातल्या किती जणांना दाखवला ते मला परत आल्यावर कळलं, कारण ड्रायव्हर मंडळी मला ‘दारवाली’ म्हणायला लागली होती.

३. स्वतःबद्दल दीड पान लिहायचं म्हणजे काय, हे मला खरोखर कळत नव्हतं. आमच्याकडे स्वतःबद्दल लोकांनी बोलायचं असतं, तेही शक्यतो आपण तिथं नसताना. ‘मोटिव्हेशन लेटर’ नावाच्या त्या कागदाचा पहिला खर्डा मी एका रात्रीत लिहिला: कोरडवाहू जिल्हा, कापसाला भाव नाही, मुलींना शिकवत नाहीत, अमुक नाही, तमुक नाही. सांगलीच्या मैत्रिणीनं वाचला आणि म्हणाली, “हे वाचून ते तुला बोलावणार नाहीत, चेक पाठवतील.” दुसरा खर्डा शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिला. त्यात मी इतकी उत्कट, जिद्दी आणि बहुआयामी होते की मलाच माझी भीती वाटली. तिसऱ्यात लोणार आलं. उल्कापातानं बसाल्टमध्ये झालेलं विवर, १.८ किलोमीटर व्यास, चंद्रावरच्या विवरांशी ताडून बघायला जगभरचे लोक येतात ते. आणि मी लिहिलं की मी त्या विवराच्या काठावर वाढले.

मेहकर ते लोणार पंचवीसेक किलोमीटर आहे. पण हे युरोपात कुणाला माहीत असणार, असा मी हिशेब केला. या वाक्याकडे मी नंतर परत येणार आहे, कारण ते माझ्याकडे परत आलं.

आनंदीबाई जोशींचं सेरामपूरच्या कॉलेजातलं भाषण मी वाचलं ते अर्ज पाठवून झाल्यावर. २४ फेब्रुवारी १८८३. त्यांना अठरावं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. अमेरिकेला का जाता, इथे सोय नाही का, एकट्याच का जाता, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय, असे लोकांचे सवाल त्यांनी एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. आपण किती हुशार आहोत याचा त्यात बडेजाव नाही. ते आधी वाचलं असतं तर शब्दकोशाची रात्र वाचली असती.

४. माझ्याबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य मी लिहिलेलं नाही. शिफारसपत्रासाठी विभागातल्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, “तूच लिहून आण, मी बघतो.” हा आपल्याकडचा सर्वमान्य रिवाज, त्यामुळे धक्का बसला नाही. बसला तो नंतर, सरांच्या तोंडून स्वतःची तारीफ करताना. संकोच असा नव्हताच, कारण आता मी ‘मी’ नव्हते, सर होते. असामान्य, तल्लख, वर्गातली अव्वल अशी विशेषणं सढळ हातानं वाटली. सरांनी लाल पेन काढलं आणि एकही शब्द न बोलता एकेक विशेषण छाटत गेले. दोन परिच्छेदांतून एक उरला. मग समासात त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: ही विद्यार्थिनी फील्डवर असताना नोंदवही त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण करते. बस्स. सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या त्या फील्डवर सगळे शेकोटीभोवती गाणी म्हणत असताना मी कोपऱ्यात बॅटरीच्या उजेडात आडवे-उभे छेद काढत बसायचे, आणि ते कुणी पाहिलं नाही असं समजत होते. मला तेव्हा ते पत्र फार फिकं वाटलं. आता मी स्वतः शिकवते आणि मुलं माझ्याकडे पत्रं लिहून आणतात. लाल पेन मीही ठेवलं आहे.

५. पैशाचं गणित मला बाबांनी समजावलं, आणि त्यांना ते मी समजावतेय असं मला वाटत होतं. जर्मनीचा व्हिसा मागताना तिथं राहायचा खर्च आधीच एका खात्यात भरून दाखवावा लागतो. ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात त्याला. आपलेच पैसे, पण आपल्याला एकदम काढता येत नाहीत. तिकडे पोचल्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम सुटते. त्या वर्षी दर महिना ७२० युरो धरत. सहा महिन्यांचे ४,३२० युरो, तेव्हाच्या भावानं साडेतीन लाखांच्या आसपास. (सप्टेंबर २०२४ पासून हाच आकडा महिना ९९२ युरो आहे. फोन करणाऱ्यांना मी हे पहिल्याच वाक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं खरं होतं.)

स्वयंपाकघरात ओट्याशी बाबा जेवायला बसले होते. रात्रपाळीची मेहकर-अकोला करून आलेले, खाकी शर्ट अजून अंगात. मी वहीवर बाण काढून समजावत होते: हे खातं, ही बँक, हे महिने. आई भाकरी थापता थापता थांबली होती. बाबांनी सगळं ऐकलं, खिशातून एक तिकीट काढलं आणि उलटं करून ताटाशेजारी ठेवलं. मागं बॉलपेननं लिहिलेलं: ३७. कुणा प्रवाशानं पन्नासची नोट दिली, सुट्टे नव्हते, म्हणून तिकिटामागं लिहून दिलेले, आणि तो प्रवासी डोणगावला घाईत न घेताच उतरून गेलेला. “म्हंजे असं,” बाबा म्हणाले. “पैसे आपलेच हायेत. पन गाडी पोचल्यावर भेटतीन.” मग जरा थांबून, “तू मातर इसरून उतरू नको.”

पीएफमधून उचल घेतली. उरलेल्यासाठी आईनं भिशीतला आपला नंबर पुढं ओढायचं ठरवलं. भिशीत नंबर पुढं मागणं म्हणजे अडचण चारचौघीत मांडणं, आणि आई त्यासाठी एरवी कधी तयार झाली नसती. ती गेली, आणि तिथं ज्या काकूंचा नंबर होता त्यांनी काही न विचारता सोडला. त्या काकूंची नात आता बारावीला आहे. पुढचा फोन त्यांचाच येणार हे मला माहीत आहे.

त्या सहा महिन्यांत मी दर महिन्याला ७२० मधले साठ-सत्तर युरो वाचवले, मुख्यतः कांदे आणि बटाटे खाऊन, आणि परत आल्यावर ते रुपयांत बदलून आईच्या हातावर ठेवले. आईनं ते मोजलेच नाहीत. माझ्या गालांकडे बघून म्हणाली, “खाल्लं नाईस तू काई.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

६. सगळ्यात कंटाळवाणा कागद सगळ्यात महत्त्वाचा निघाला. त्याला ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ म्हणतात. डाव्या रकान्यात आपल्याकडचे विषय, उजव्यात तिकडचे, आणि कशाच्या बदल्यात काय हे दोन्हीकडच्या सह्यांनी पक्कं. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट धरतात, आणि जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे घरच्या अभ्यासासह ३० तासांचं काम. आपल्याकडे तेव्हा क्रेडिट मोजत ते मुख्यतः वर्गात बसलेल्या तासांवर. आमचं तिसरं सत्र जुलैला सुरू होऊन नोव्हेंबरात संपायचं. त्यांची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपायची. म्हणजे मी निम्मं सत्र इकडचं सोडणार, आणि पुढच्या सत्राचे पहिले दोन महिनेही. पत्रावर मी जवळजवळ सगळे सहा दिवस घालवले आणि या तक्त्यावर एक दुपार. त्यातला एक विषय कशाच्याच बदल्यात नीट बसत नव्हता. मी “बघू पुढे” म्हणून रकाना मोघम ठेवला. पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आता आपल्याकडे २०२१ पासून ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे, क्रेडिट साठवायची सोय झाली आहे. तरी रकाना मोघम ठेवू नका.

७. व्हिसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मेहकरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघायचं, जालन्यापर्यंत हाडं खिळखिळी व्हायची (समृद्धी महामार्ग तेव्हा फक्त पाट्यांवर होता), मुंबईत सकाळी एखाद्या नातेवाइकाकडे आंघोळ करून रांगेत उभं राहायचं. खिडकीमागच्या बाईंनी माझे पंचेचाळीस कागद चार मिनिटांत चाळले. मी त्यातल्या प्रत्येकासाठी एक उत्तर पाठ करून गेले होते. त्यांनी एकच विचारलं: फोटोच्या झेरॉक्स का आणल्या, फोटो कुठे आहेत?

८. लोणार माझ्याकडे परत आलं ते नोव्हेंबरात, जर्मनीत, पावसात. आमची सहल निघाली नोर्डलिंगेनला. श्टुटगार्ट, मग आलेनला गाडी बदलून. नोर्डलिंगेन हे गोल तटबंदीचं जुनं गाव एका उल्काविवराच्या आत वसलं आहे. त्या विवराचं नाव रीस. वय सुमारे दीड कोटी वर्षं. १९६० पर्यंत लोक त्याला ज्वालामुखीचं मुख समजत होते. मग यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना तिथल्या खडकात कोएसाइट सापडलं, जे प्रचंड दाबाखालीच तयार होतं. लोणारचंही असंच झालं. तेही बरेच दिवस ज्वालामुखीच्या खात्यावर जमा होतं, आणि आघाताचा पक्का पुरावा छापून आला तो १९७३ मध्ये. नोर्डलिंगेनचं मोठं चर्च त्या आघातानं वितळून-चेचून तयार झालेल्या खडकानंच बांधलं आहे. १९७० मध्ये अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायला शिकले ते याच रीसमध्ये.

चर्चच्या मनोऱ्यावर आम्ही चढलो. वरून सगळीकडे सपाट शेतं आणि लांबवर गोल फिरलेली टेकड्यांची कड. विवर दिसतच नव्हतं, इतकं मोठं. ट्युबिंगनच्या सरांनी सांगितलं, व्यास २४ किलोमीटर. माझ्या डोक्यात लगेच आलं: म्हणजे मेहकर ते लोणार. त्या हिशेबानं मी विवराच्या काठावर वाढले हे खोटं नव्हतं, फक्त ते विवर लोणारचं नव्हतं.

आणि तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. माझं पत्र त्यांनी वाचलेलं होतं. खूप आनंदानं, सगळ्यांसमोर, त्यांनी विचारलं: बसाल्टमधलं विवर आम्ही फक्त पेपरांत वाचतो, तू तर काठावरची, बाहेर फेकलं गेलेलं द्रव्य कुठल्या बाजूला चांगलं उघडं पडलंय? काठ चालून किती वेळ लागतो? आत उतरताना थर कसे बदलतात?

मी लोणारला आयुष्यात चार वेळा गेले होते. एकदा शाळेची सहल, तेव्हा गोमुखाच्या धारेखाली भिजले म्हणून मार खाल्ला. दोनदा नवरात्रात आजीबरोबर कमळजा देवीला. एकदा चुलतभावाचं लग्न ठरवायला. बसाल्टकडे मी त्यातल्या एकाही वेळी बघितलं नव्हतं. चपला सांभाळत होते. लोणारच्या लवणासुर राक्षसाची गोष्ट मला येत होती, देवळात आत शिरताना डोकं कुठं आपटतं हे माहीत होतं, तळ्याचा वास माहीत होता. त्यांनी जे विचारलं त्यातलं काहीच येत नव्हतं. मी म्हटलं, “मला बघावं लागेल.” सर म्हणाले, “हो, हो, नक्की,” आणि इतक्या सौजन्यानं विषय बदलला की मला मनोऱ्यावरून उडी मारावीशी वाटली.

रात्री आजीला फोनवर रीसचं वर्णन केलं. इतकं मोठं विवर, आत अख्खं गाव. आजीनं शांतपणे विचारलं, “आन तिथं कोन राक्षस होता?”

परत आल्यावर मार्चात, बाबांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं लोणारचा काठ चाललो. साधारण सहा किलोमीटरचा फेरा. ऊन होतं. बाबांनी वाटेत तीनदा विचारलं की इथं नेमकं काय बघायचं असतं, आणि तिसऱ्यांदा मला थोडंफार सांगता आलं. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ट्युबिंगनच्या सरांची मेल आली. त्यांना मी पाच पानं उत्तर लिहिलं. त्यात मी कुठं वाढले ते पुन्हा सांगितलं, या वेळी अंतरासकट.

९. माझी निवड झाली, हे वाक्य मी बराच काळ चुकीचं वापरलं. मेहकरला सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, एका स्थानिक पेपरात ‘जागतिक स्पर्धेतून निवड’ असा मथळा आला. तो मी दिला नव्हता, पण खोडलाही नाही. मग फेब्रुवारीत, ट्युबिंगनहून निघायच्या आधी, तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या बाईंकडे सह्या घ्यायला गेले. त्या गप्पिष्ट होत्या. मी म्हटलं, “माझ्या पत्रातलं लोणारचं तुम्हाला आवडलं असेल ना?” त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि प्रांजळपणे म्हणाल्या, “आमच्याकडे त्या करारात पाच जागा होत्या. तुमच्याकडून चार अर्ज आले.”

बसनं वसतिगृहावर परत येईपर्यंत मी त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत होते. आधी अपमान वाटला. मग हसू आलं. रात्री झोप लागेना ती वेगळ्याच कारणानं. त्या नोटिशीसमोर माझ्यासारख्या किती जणी थकबाकीची यादी वाचत उभ्या असतील? पाचवी जागा रिकामी गेली होती. ती कुणाची होती, हे मला अजून अधूनमधून टोचतं. आमच्याच मजल्यावर यवतमाळची एक मुलगी होती, वर्गात माझ्या पुढं. मी तिला नोटिशीबद्दल सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही, असं मी स्वतःला सांगते. पण सहा दिवस होते, आणि सांगायला एक मिनिट लागलं असतं.

१०. निकाल समजावून सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे कसंबसं पास, ५ म्हणजे नापास. माझ्या पत्रकावर १.७, २.०, २.३ असे आकडे होते. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि काही बोलले नाहीत, नंतर आईला हळू आवाजात म्हणाले, “जाऊ दे, एकटी होती ना तिकडं.” ते उलटं असतं हे पटवायला मला वहीच घ्यावी लागली. आकडे बदलायचं एक सूत्र आहे, बव्हेरियन म्हणतात: दहातून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि पास यांमधल्या फरकानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. जाताना माझे ७.६ होते, पास चारला. त्याचे तिकडे २.२ झाले होते. बाबांना सूत्र लगेच कळलं. वेबिल भरणाऱ्या माणसाला उलट्या हिशेबाची सवय असते.

इकडे मात्र तो मोघम ठेवलेला रकाना वाट बघत होता. तिकडे पास झालेला विषय इकडच्या कुठल्याच विषयाच्या जागी बसेना. कुणी दुष्टपणा केला नाही, कुणी मदतही केली नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली आणि अखेर मी तो पेपर पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांबरोबर बसून दिला. पदवी एक सत्र उशिरा हातात आली. पेपरात उल्काविवरांवर दहा मार्कांचा प्रश्न होता. मला सहा मिळाले.

तर ती निळी फाइल मेहकरला आईकडे आहे. तिन्ही खर्डे त्यात आहेत, चेकवालासुद्धा. सरांच्या लाल पेनाचा कागद, स्टॅम्पपेपर, ते ३७ लिहिलेलं तिकीट, आणि विषयांचा तक्ता, ज्यात मोघम रकान्याभोवती मी नंतर गोल काढला आहे. हिवाळी सत्राला जायचं असेल तर आदल्या डिसेंबर-जानेवारीतच आपल्या विभागाचा फळा वाचा, आणि वाचून झाल्यावर शेजारच्या खोलीत सांगा. फाइल हवी असेल तर घेऊन जा. आई चहा देईल. झेरॉक्सचे पैसे तेवढे तुमचे, आणि ते तिकीट जागेवर परत ठेवा.